तीन तासांची दंडार, चार जीबीचा कॉम्प्युटर

पत्र : भाऊ, आमचे गाव लाखांदूर तालुक्यात आहे. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, चाळीस वर्षांपासून दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, काम करतात. यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेत, त्यांनी शेवटचे सोंग घेतले, आता गुडघे साथ देत नाहीत. मी आणि माझ्या भाच्याने दोन मोबाईलवर मिळून तीन तासांचे रेकॉर्डिंग केले. त्यातून वीस-पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ बनवून घरच्या टीव्हीवर सर्वांना दाखवायचा आहे. दिराच्या शिक्षणासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर घरी आहे. विंडोज १०, रॅम ४ जीबी. एक सॉफ्टवेअर टाकून पाहिले, तर दोन दिवस खपल्यावर सेव्ह करताना चित्रावर त्या कंपनीचा मोठा शिक्का आला. दुकानदार म्हणतो, क्रॅक टाकून देतो. दीर म्हणतो, हा डब्बा चालणारच नाही, नवीन घ्या. व्हिडिओ लावला की चित्र अडकून राहते, हे मात्र खरे आहे. मी काय करू?
– एक वाचक, जि. भंडारा

ताई,

नवा कॉम्प्युटर घेऊ नका आणि क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर, तर मुळीच टाकून घेऊ नका. शॉटकट नावाचं सॉफ्टवेअर घ्या. ते फुकट आहे, पंधरा दिवसांनी पैसे मागत नाही, शिक्का मारत नाही, आणि एकदा टाकलं की त्याला इंटरनेट लागत नाही. तुमचं काम त्यात नीट होईल. फक्त ते टाकण्याआधी दोन-तीन गोष्टी कराव्या लागतील, त्या सविस्तर सांगतो.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दंडार दिवसा होते, रात्री नाटक होतं, दुसऱ्या दिवशी मंडप निघतो आणि सगळं लोकांच्या आठवणीत तेवढं उरतं. मंडईतली दंडार कुणी मुद्दाम जपून ठेवत नाही. तुमच्या मोबाईलमध्ये चाळीस वर्षं सोंग घेणाऱ्या माणसाचा शेवटचा दिवस आहे. म्हणून सॉफ्टवेअरच्याही आधी एक काम आजच्या आज करा. दोन्ही मोबाईलमधलं सगळं रेकॉर्डिंग केबल लावून कॉम्प्युटरवर घ्या आणि त्याची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढा. मी बरीच वर्षं लग्नाचं, साक्षगंधाचं, सप्ताहाचं शूटिंग केलं आहे. एकदा प्रत न काढताच कार्ड मोकळं केलं आणि त्यात एका म्हाताऱ्या भजनी बुवांचं पूर्ण भजन गेलं. बुवा पुढच्या वर्षी नव्हते. त्यांच्या मुलाला ते सांगताना जे वाटलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये.

प्रत काढताना दोन ठिकाणी घोटाळा होतो. भाच्याकडचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या व्हिडिओसारखं मागवू नका, ते दाबून पाठवतं आणि चित्र पिचकं होतं. भाचा नागपूरला गेला असेल तर त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, तसं २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी येते. दुसरं पेन ड्राइव्हचं. मोठी फाइल टाकताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं आलं तर पेन ड्राइव्ह खराब आहे असं समजू नका. तो एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावतच नाही. तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं. मोबाईलचं १०८०पी, म्हणजे फुल एचडी, रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण सव्वाशे एमबी धरा, म्हणजे तुमचे तीन तास बावीस-तेवीस जीबीच्या घरात जातील. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरेल, ६४चा घेतलात तर निश्चिंत.

आता कॉम्प्युटरचं. तुमचे दीर अगदीच चुकीचं बोलत नाहीत. शॉटकट बनवणारेच सांगतात की साध्या एसडी व्हिडिओला किमान ४ जीबी रॅम हवी, एचडीला ८ आणि फोर-केला १६. तुमचं रेकॉर्डिंग एचडी आहे, म्हणून चित्र अडकतं. पण त्यासाठी आख्खी मशीन बदलायची गरज नाही, ४ जीबीची आणखी एक रॅम बसवा. दुकानात जाताना जुनी रॅम काढून सोबत न्या, कारण डीडीआर३च्या जागी डीडीआर४ बसत नाही आणि मग दोन चकरा होतात. पैशाची सोय असेल तर जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची डिस्क, टाकून घ्या. या एका बदलाने जुना कॉम्प्युटर जेवढा हलका होतो तेवढा दुसऱ्या कशाने होत नाही. आणि सध्या धान विकलं गेलं नसेल, हात अडकलेला असेल, तर यातलं काहीच न करताही काम होईल. फक्त धीर जास्त लागेल.

क्रॅकबद्दल कडक बोलतो कारण धोका खरा आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार बंद केला. म्हणजे विंडोजमध्ये सुरक्षेची नवी भोकं सापडली तर त्यावरचे उपाय त्या मशीनला आता आपोआप मिळत नाहीत. अशा मशीनवर कुणीतरी कुलूप तोडून दिलेलं सॉफ्टवेअर टाकायचं म्हणजे ज्या डिस्कवर मामाजींचं रेकॉर्डिंग आहे त्याच डिस्कवर अनोळखी माणसाला बसवायचं. दुकानदार मनाने वाईट नसेल, त्यालाही ती फाइल कुठून आली हे ठाऊक नसतं. तसंच ‘मूव्ही मेकर’चं. अनेकांच्या आठवणीत ते आहे, सोपंही होतं. पण मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७पासून ते देणं बंद केलं. त्याच वर्षी त्या नावाची एक नकली आवृत्ती इंटरनेटवर पसरली होती. ती सगळं काम करू द्यायची आणि व्हिडिओ सेव्ह करायला पैसे मागायची. आजही त्या नावाने काही दिसलं तर हात लावू नका.

बाकीची नावं तुमच्या कानावर येतील, म्हणून थोडक्यात सांगतो. क्लिपचॅम्प मायक्रोसॉफ्टचं आहे, विंडोज ११सोबत येतं, १०८०पीपर्यंत शिक्क्याशिवाय फुकट सेव्ह करू देतं. नवीन मशीन आणि घरात चांगलं नेट असेल त्याने ते खुशाल वापरावं. त्यात खातं उघडून नेटवर राहावं लागतं, आणि आपल्या भागात टॉवरची रेंज ढग पाहून येते-जाते. डाव्हिंची रिझॉल्व्ह फार मोठं सॉफ्टवेअर आहे, सिनेमावाले वापरतात, फुकट आवृत्तीही मिळते. पण त्याला १६ जीबी रॅम आणि दमदार ग्राफिक्स कार्ड लागतं. ओपनशॉट दिसायला शॉटकटपेक्षा सोपं आहे, मात्र त्याचे बनवणारे १६ जीबीची शिफारस करतात. केडेनलाइव्हही उत्तम आहे, पण पहिल्याच दिवशी इतके चौकोन समोर येतात की नवीन माणूस बिचकतो. कॅपकटवर भारतात बंदी आहे, त्याच्या मागे लागू नका.

शॉटकट त्यांच्याच साइटवरून घ्या, शॉटकट डॉट ऑर्ग. मोबाईलच्या एका दिवसाच्या डेटात सहज उतरतं. विंडोज ६४-बिट असायला हवं, ते सेटिंगमध्ये ‘अबाउट’ उघडलं की दिसतं. त्याची पोर्टेबल प्रतही मिळते, जी इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालते. म्हणजे गावात नेट नसेल तर लाखांदूरला किंवा वडशाला कुणाकडे तरी उतरवून घरी आणता येईल.

उघडल्यावर पहिल्याच दिवशी दोन सेटिंग करा. सेटिंग्जमध्ये ‘प्रिव्ह्यू स्केलिंग’ आहे, ते ३६०पी करा. आणि ‘प्रॉक्सी’ आहे, तिथे ‘यूज प्रॉक्सी’ चालू करा. याने काय होतं, ते समजून घ्या, म्हणजे घाबरायला होणार नाही. शॉटकट तुमच्या प्रत्येक फाइलची एक लहान, हलकी प्रत बनवतं आणि काम करताना तुम्हाला ती दाखवतं. चित्र थोडं धूसर दिसेल. शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना ते मूळ फाइलच वापरतं, त्यामुळे टीव्हीवर चित्र स्वच्छच येतं. चार जीबीवर काम जमतं ते यामुळे.

मोबाईलची फाइल टाकली की शॉटकट कधी कधी विचारतं, हिला एडिटिंगला सोयीच्या रूपात बदलू का? हो म्हणा. मोबाईल उजेड पाहून सेकंदाला कधी तीस चित्रं घेतो, कधी चोवीस, आणि त्यामुळे पुढे जाऊन ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे असं होतं. बदलताना तीन पर्याय दिसतील. पहिला, सर्वांत लहान फाइलचा, तोच घ्या. शेवटचा पर्याय दर्जात सरस असतो, पण त्याच्या फाइल एवढ्या फुगतात की तुमची डिस्क एका संध्याकाळी भरेल.

पण तीन तास जसेच्या तसे त्यात ओतू नका, ताई. आधी वही घ्या. मामाजींना शेजारी बसवा, व्हीएलसीमध्ये किंवा मोबाईलवरच सगळं रेकॉर्डिंग लावा आणि लिहीत जा: कोणती फाइल, कितव्या मिनिटाला काय आहे, ठेवायचं की नाही. ‘फाइल ३, १२ मिनिटं ४० सेकंद, मामाजींचा प्रवेश, ठेवा.’ अशी दोन-तीन पानं होतील. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण खरं एडिटिंग इथेच होतं. आणि मामाजींना विचारल्याशिवाय काही गाळू नका. तुम्हाला जिथे नुसती उभी माणसं दिसतात तिथे त्यांना एखादी अशी जागा दिसेल, जी चाळीस वर्षांत क्वचित जमली असेल.

यादी झाली की लॉसलेसकट नावाच्या दुसऱ्या छोट्या सॉफ्टवेअरने तेवढेच तुकडे कापून घ्या. गिटहब नावाच्या साइटवरची त्याची प्रत फुकट असते. ते व्हिडिओ नव्याने बनवत नाही, आहे तसाच कापतं, म्हणून जुन्या मशीनवरही क्षणात काम होतं आणि दर्जा तसूभर घटत नाही. त्याचं कापणं मात्र अगदी नेमक्या क्षणी होत नाही, एखादा सेकंद मागे-पुढे जातं. म्हणून प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना चार-पाच सेकंद जास्तीचे ठेवा. आता तीन तासांचे पाऊण तास उरतील आणि शॉटकटला तेवढंच ओझं वाहावं लागेल. हे सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि काम संपेपर्यंत त्यांची जागा किंवा नाव बदलू नका. शॉटकटच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ नसतो, तो कुठे ठेवला आहे याचा पत्ता फक्त असतो.

शॉटकटमध्ये बटणं शेकड्यानं आहेत. तुम्हाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी लागतील. ‘ए’ दाबलं की तुकडा खालच्या पट्टीवर, म्हणजे टाइमलाइनवर, शेवटी जाऊन बसतो. ‘एस’ने जिथे रेघ आहे तिथे तुकड्याचे दोन भाग होतात. ‘एक्स’ने नको तो भाग जातो आणि मागचे तुकडे पुढे सरकून मोकळी जागा भरतात. आणि कंट्रोल-एस, दर पाच मिनिटांनी, लाइट जायच्या आधी. एवढ्यावर पहिली जोडणी होते.

आता आवाज. यावर थोडं जास्त लिहितो, कारण घरगुती व्हिडिओ आवाजात मार खातात.

गाणं चालू असताना नवीन माणूस चित्र बदलायला म्हणून मधूनच कापतो. कडव्याची ओळ तुटते, ढोलकीचा ठेका लंगडतो, आणि पाहणाऱ्याला कळत नाही पण खटकतं. दंडारीत तर हे मुळीच चालणार नाही, कारण पुढचा एकटा म्हणतो आणि मागचे उचलून धरतात. ती उचल तुटली की दंडार संपली. उपाय असा. ज्या मोबाईलवर गाणं सलग आलं आहे ते पूर्ण गाणं खालच्या व्हिडिओ ट्रॅकवर न कापता ठेवा. त्याच्या वर दुसरा ट्रॅक उघडा आणि त्यावर भाच्याच्या मोबाईलमधले तुकडे ठेवा, पायातले घुंगरू, झाडाखाली बसलेल्या बायका, डोळे विस्फारून पाहणारं पोर. वरच्या ट्रॅकचा आवाज बंद करा. चित्र बदलत राहील आणि खालचं गाणं अखंड चालेल.

पण भाच्याचा तुकडा मामाजी गाताना घेतलेला असेल तर ओठ जुळायला हवेत. इथे टाळ कामाला येतो. टाइमलाइनवर प्रत्येक तुकड्याखाली आवाजाची नक्षी दिसते. ती मोठी करून पाहा. ढोलकीची नक्षी जाडजूड आणि गोलसर दिसते, टाळेचा ठोका मात्र सुईसारखा उभा दिसतो. दोन्ही मोबाईलमधली तीच सुई शोधा, वरच्या तुकड्याची सुई खालच्या सुईवर आणून ठेवा आणि दोन्ही आवाज एकदा सोबत वाजवून ऐका. एकच टाळ ऐकू आली तर जुळलं. दोन ऐकू आल्या, घुमल्यासारखं वाटलं, तर अजून किंचित सरकवा. पहिल्या वेळी अर्धा तास लागेल, तिसऱ्या वेळी दोन मिनिटं.

कोणत्या मोबाईलचा आवाज घ्यायचा? पोंग्यापासून, म्हणजे लाउडस्पीकरपासून, जो लांब होता त्याचा. पोंग्याजवळच्या मोबाईलमध्ये आवाज फाटतो. त्याची नक्षी पाहिली तर वरची टोकं विळ्याने कापल्यासारखी सपाट दिसतात. फाटलेला आवाज कोणत्याच सॉफ्टवेअरने पहिल्यासारखा शिवता येत नाही. बारीक पण स्वच्छ आवाज मात्र ‘गेन’ फिल्टरने वाढवता येतो. आणि कृपा करून मागे सिनेमाचं संगीत लावू नका. पुष्कळ लोक सांगतील, त्याशिवाय मजा नाही. दंडारीचा व्हिडिओ दंडार ऐकण्यासाठी असतो. शिवाय पुढे कधी तो यूट्यूबवर टाकावासा वाटला तर त्या संगीताच्या हक्कावरून अडेल.

त्याऐवजी मामाजींचा स्वतःचा आवाज घ्या. घरात शांत वेळ पाहून पंखा बंद करा, मोबाईल त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेवा आणि बोलतं करा. पहिलं सोंग कोणतं घेतलं, कुणाकडून शिकले, पूर्वी कोणकोणत्या गावच्या मंडईला जायचे आणि कशाने जायचे. दहा मिनिटं बोलले तर तीन ठेवा. ते व्हिडिओच्या सुरुवातीला जुन्या फोटोंवर लावता येतील.

नावं मराठीत लिहायची तर ‘टेक्स्ट: सिंपल’ नावाचा फिल्टर वापरा आणि फॉन्ट निर्मला यूआय घ्या, तो विंडोज १०मध्ये असतोच. तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून नावं टाइप करून आणू नका. त्यांच्याकडे कृतिदेव-श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट असतात आणि ते इथे आणले की भलतीच अक्षरं उमटतात. विंडोज १०मध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, इंग्रजी अक्षरांत ‘bai’ टाइप केलं की ‘बाई’च्या जवळपासचे शब्द सुचवतो. अक्षरं मोठी, पांढरी आणि सात-आठ सेकंद राहतील अशी ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांना टीव्हीवरची अक्षरं वाचायला तेवढा वेळ लागतो. एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना फिरणारी, उलगडणारी चित्रं दिसतात ती वापरू नका. सरळ कापा, फार तर सुरुवातीला आणि शेवटी काळोख करा.

भाच्याने मोबाईल उभा धरला असेल तर त्या तुकड्यांच्या दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील. येऊ द्या, फक्त ते तुकडे छोटे ठेवा.

शेवटी एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढणं. काहीही न बदलता दिलेली मूळ मांडणी एच.२६४ एमपी४च बनवते आणि ती पेन ड्राइव्ह लावून आजकालच्या बहुतेक टीव्हींवर चालते. यूट्यूबने १०८०पीला सुचवलेलं माप सेकंदाला ८ मेगाबिट आहे. त्या हिशोबाने मिनिटाला ६० एमबी, पंचवीस मिनिटांचे दीड जीबी होतात. तुमच्या मशीनला याला दोन-तीन तासही लागू शकतील. रात्री जेवणं झाल्यावर लावा, बाकी सगळे प्रोग्राम बंद करा आणि सकाळी पाहा. मध्ये लाइट गेली तर पुन्हा लावा, प्रोजेक्ट सेव्ह असेल तर नुकसान फक्त वेळेचं. पण आधी फक्त दोन मिनिटांचा भाग काढून घरच्या टीव्हीवर लावून पाहा. कॉम्प्युटरच्या छोट्या स्पीकरवर ठीक वाटलेला आवाज टीव्हीवर फार मोठा किंवा फार बारीक निघतो, ते तेव्हाच कळतं.

व्हिडिओच्या शेवटी संचातल्या सगळ्यांची नावं टाका. ढोलकीवाला, टाळकरी, मागे उभं राहून उचलणारे, रंग लावून देणारा, कपडे सांभाळणारा, आणि जे आता नाहीत तेही. ही यादी तुम्ही करू नका, मामाजींच्या तोंडून घ्या आणि लिहून झाल्यावर त्यांना परत वाचून दाखवा. त्यांना दोन दिवसांनी आणखी तीन नावं आठवतील, म्हणून ती पाटी सर्वांत शेवटी बनवा.

रॅम बसवून, तुकडे कापून झाले आणि कुठे अडलं तर पुन्हा लिहा. पत्रात मोबाईलचं मॉडेल आणि अडकल्यावर पडद्यावर काय आलं ते जसंच्या तसं उतरवा.